वाचकांचे प्रश्न : जुनी मारुती ८००, घरची देखभाल

डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आलेली मारुती ८०० जानेवारी २०१४ पर्यंत बनत होती. त्यामुळे या सदराकडे येणाऱ्या पत्रांत तिचा वाटा मोठा आहे. या वेळी बहुतेक पत्रं कार्बोरेटरवाल्या, म्हणजे साधारण २००० सालापूर्वीच्या गाड्यांविषयी आहेत. तीन सिलिंडरचं ७९६ सीसीचं हे इंजिन घरी दुरुस्त करायला सोपं आहे. फक्त पार्ट विकत आणण्याआधी मोजमाप करायची सवय हवी.

प्रश्न : माझी गाडी १९९७ ची आहे. वर्षभरापासून सकाळी दोन-तीनदा सेल मारावा लागतो, अ‍ॅक्सिलरेटर दाबला की गाडी क्षणभर अडखळते, आणि मागे पेट्रोलचा वास येतो. हे पेट्रोलमध्ये मिसळलेल्या इथेनॉलमुळे होतंय का? मेकॅनिक जेट (कार्बोरेटरमधलं पेट्रोल सोडणारं बारीक भोक) मोठा करायला सांगतो. (सोलापूर)

आधी वासाचं बघा, बाकी सगळं नंतर. वास म्हणजे गळती, आणि गळती सापडेपर्यंत गाडी चालवू नका. त्या काळचे रबरी पाइप २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलसाठी बनवलेले नव्हते. इथेनॉलने रबर आधी फुगतं, मऊ पडतं, आणि सुकलं की त्याला बारीक चिरा पडतात. टाकीच्या तोंडापासून टाकीपर्यंतचा जाड पाइप, टाकीवरचे जोड, फिल्टरच्या दोन्ही बाजू, पंपापासून कार्बोरेटरपर्यंतचा तुकडा आणि परतीचा पाइप असे सगळे वाकवून बघा. वाकवल्यावर चीर उघडी पडली किंवा बोटाला चिकट लागलं, तर तो पाइप बाद.

नवीन पाइप घेताना जुन्याचा आतला व्यास व्हर्नियरने मोजा आणि पाइपवर ‘एसएई जे३० आर९’ असं छापलेलं आहे का ते पाहा. त्याला आतून इथेनॉलला टिकणारं अस्तर असतं. साधा काळा मीटरवर मिळणारा पाइप स्वस्त पडतो, पण थोड्याच काळात पुन्हा हेच काम निघतं. काम मोकळ्या जागेत, थंड इंजिनवर, बॅटरीची निगेटिव्ह तार काढून करा आणि आग विझवायचा सिलिंडर हाताशी ठेवा.

आता अडखळण्याविषयी. एअर फिल्टरचं झाकण काढा, इंजिन बंद ठेवून कार्बोरेटरच्या तोंडात बघत थ्रॉटल हाताने झटकन उघडा. त्याच क्षणी पेट्रोलची सरळ, जोरदार पिचकारी दिसली पाहिजे. ती उशिरा आली, नुसती ठिबकली किंवा आलीच नाही, तर अ‍ॅक्सिलरेटर पंपाचा डायफ्रॅम, म्हणजे आतला लवचीक पडदा, गेलेला आहे. कार्बोरेटरच्या दुरुस्ती किटमध्ये तो मिळतो. किट घेताना इथेनॉलला चालणारं मागा, नाहीतर नवा डायफ्रॅमही जुन्याच्याच वाटेने जाईल. पाइप बदलल्यावर फिल्टरही बदला आणि पाचशे-सातशे किलोमीटरनंतर पुन्हा एकदा बदला, कारण इथेनॉल टाकीत वर्षानुवर्षं साचलेला मळ सुटा करून पुढे ढकलतं.

जेट मोठा करायच्या सल्ल्यामागे एक खरी गोष्ट आहे. एक किलो शुद्ध पेट्रोल पूर्ण जळायला १४.७ किलो हवा लागते, तर २० टक्के इथेनॉलच्या मिश्रणाला साधारण साडेतेरा किलो पुरते. कार्बोरेटरला हे समजत नाही, तो जुन्याच हिशेबाने पेट्रोल सोडतो आणि मिश्रण पातळ होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं. पण जेट सुईने कोरला की भोक वेडंवाकडं होतं आणि परतीचा रस्ता उरत नाही. म्हणून त्याआधी एवढं करा. इंजिन आयडलला (अ‍ॅक्सिलरेटर न दाबता) चालू ठेवून कार्बोरेटरच्या बुडाशी आणि व्हॅक्यूमच्या नळ्यांवर साबणाच्या पाण्याचे थेंब सोडा. पाणी आत ओढलं गेलं आणि इंजिनचा आवाज बदलला, तर हवा तिथून शिरते आहे. मग इंजिन पूर्ण तापवून, चोक पूर्ण उघडा आहे याची खात्री करून, मिक्स्चरचा स्क्रू पाव-पाव फेरा बाहेर घ्या. जिथे इंजिन सर्वांत जलद आणि एकसारखं फिरतं तिथे थांबा आणि आयडल स्क्रूने वेग पुन्हा मिनिटाला साडेआठशे-नऊशे फेऱ्यांवर आणा. हे दोनदा करा. हा स्क्रू फक्त आयडलपुरता असतो, म्हणून वीस-तीस किलोमीटर चालवल्यावर प्लग काढून बघा. फिकट तपकिरी म्हणजे उत्तम, काजळी म्हणजे पेट्रोल जास्त, खडूसारखा पांढरा म्हणजे मिश्रण अजून पातळ. तरीही पांढराच राहिला, तर एक नंबर मोठा तयार जेट विकत घेऊन बसवा आणि जुना जपून ठेवा. शेवटी पीयूसी केंद्रावर कार्बन मोनॉक्साइडचा आकडा बघा. मार्च २००० पर्यंतच्या गाड्यांना मर्यादा ३ टक्के आहे.

प्रश्न : रात्री हायवेवर हेडलाइट अगदी पिवळे वाटतात. १००/९० वॉटचे बल्ब टाकू, की एलईडी? (चाळीसगाव)

दोन्ही नकोत. मूळचा ६०/५५ वॉटचा एच-४ बल्ब पुरेसा उजेड देतो, फक्त त्याच्यापर्यंत पूर्ण व्होल्टेज पोचत नाही. बल्बचं व्होल्टेज १० टक्के कमी झालं तर उजेड जवळपास ३० टक्के घटतो. जुन्या गाडीत सगळा करंट स्टिअरिंगजवळच्या स्विचमधून आणि बारीक तारांमधून फिरून येतो, आणि वाटेत दीड-दोन व्होल्ट खाल्ले जातात.

मोजायला मल्टिमीटर पुरे. इंजिन चालू, लो बीम चालू, बल्बचा होल्डर जोडलेलाच. मीटरची एक पिन बॅटरीच्या पॉझिटिव्हला, दुसरी होल्डरच्या मागून पॉझिटिव्ह टोकाला लावा. दिसेल ती घट. मग तसंच बॅटरीच्या निगेटिव्हपासून होल्डरच्या दुसऱ्या टोकापर्यंत मोजा. कुठल्याही बाजूला अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त आलं तर तिथे काम आहे. पुष्कळदा दोष नुसत्या अर्थिंगचा निघतो. पत्र्यावरचा बोल्ट काढा, पत्रा पॉलिश पेपरने चमकेपर्यंत घासा, बोल्ट आवळा आणि वरून ग्रीस लावा.

त्यानेही भागलं नाही तर रिले, म्हणजे थोड्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच, लावा. चार पिनांचे ३० अँपिअरचे दोन रिले, एक लो आणि एक हाय बीमचा. बॅटरीपासून अडीच चौरस मिलिमीटरची तार, बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत २० अँपिअरचा फ्यूज, तिथून दोन्ही रिलेंच्या ३० नंबरला. ८७ नंबरवरून तेवढ्याच जाडीची तार बल्बला. जुन्या होल्डरमधून येणारा करंट आता फक्त ८५ आणि ८६ नंबरमधली कॉइल चालवतो, त्यामुळे स्विचही थंड राहतो. फ्यूज विसरू नका, ती जाड तार बॅटरीला थेट जोडलेली असते. काही गाड्यांत स्विच निगेटिव्ह बाजू जोडतो. म्हणून तार कापण्याआधी टेस्ट लॅम्पने बघा, किंवा मूळ होल्डर जसाच्या तसा बसणारं तयार हार्नेस घ्या.

१००/९० च्या बल्बने प्लास्टिकचा होल्डर वितळतो आणि रिफ्लेक्टरचा मुलामा जळतो. एलईडीचा प्रकाशबिंदू फिलामेंटच्या जागी अचूक येत नाही, त्यामुळे समोरच्याचे डोळे दिपतात आणि आपला रस्ता अंधाराच राहतो. रिफ्लेक्टरच काळवंडला असेल तर मात्र वायरिंग कितीही चांगलं केलं तरी उपयोग नाही, पूर्ण लाइटच बदलावा लागेल. शेवटी गाडी भिंतीपासून पाच मीटरवर सपाट जागी उभी करा. लो बीमची वरची कड बल्बच्या मध्यापेक्षा पाच सेंटिमीटर खाली पडली पाहिजे.

प्रश्न : पसरणी घाट चढताना गाडी तापते. गॅरेजवाल्याने थर्मोस्टॅट काढून टाकला, तरी फरक नाही. (वाई)

पडणारही नाही. थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापल्यावर उघडून पाणी रेडिएटरकडे सोडणारी झडप, अडकला असेल तर तो बदलायचा, काढून टाकायचा नाही. तो नसला की सपाट रस्त्यावर इंजिन गार राहतं, न जळलेलं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरून ऑइलमध्ये उतरतं आणि रिंगा झिजतात. नवा आणा, दोऱ्याने पातेल्यात टांगून पाणी तापवा. त्यावर छापलेल्या तापमानाच्या आसपास तो उघडायला लागला पाहिजे.

खरं कारण बहुधा रेडिएटर आहे. बोअरचं पाणी भरलं असेल तर नळ्यांत क्षार साचतात. सकाळी थंड असताना झाकण उघडून बघा. पाणी गंजाच्या रंगाचं असेल तर रेडिएटर उतरवून आतून साफ करून घ्या आणि नंतर डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट निम्मं-निम्मं भरा. झाकणाचं रबर कडक झालं असेल तर तेही बदला, दाब टिकला नाही तर पाणी लवकर उकळतं. पंखा तपासायला इग्निशन चालू करून थर्मो स्विचचा (पाणी तापल्यावर पंखा चालू करणाऱ्या स्विचचा) कनेक्टर काढा आणि टोकं वायरच्या तुकड्याने जोडा. एकच तार असेल तर ती इंजिनच्या धातूला टेकवा. पंखा फिरला तर स्विच खराब, नाही फिरला तर फ्यूज किंवा मोटर.

थंड इंजिन झाकण उघडं ठेवून सुरू केल्यावर बुडबुडे थांबतच नसतील, तर हेड गॅस्केट गेलेलं आहे. तशी गाडी चालवू नका, अ‍ॅल्युमिनियमचं हेड वाकतं. आणि गरम रेडिएटरचं झाकण कधीही उघडायचं नाही.

प्रश्न : दरवाजांच्या खालच्या कडा आणि पायाखालचा पत्रा सडतोय. पुट्टी भरून रंग मारला तर चालेल? (रत्नागिरी)

पुट्टी पाणी धरून ठेवते, त्यामुळे खाली गंज वाढत जातो आणि पहिल्या पावसाळ्यात फुगा येतो. आधी पाणी कुठून येतं ते शोधा. दरवाजाच्या खालच्या कडेला पाणी जाण्यासाठी भोकं असतात, ती मातीने बुजलेली असतील. ती तारेने मोकळी करा. पायाखालचं पाणी बहुतेक वेळा समोरच्या काचेच्या रबरातून किंवा वायपरखालच्या खाचेतून येतं. मॅट आणि खालचा नमदा काढून पाइपने काचेवर पाणी सोडा, आत बसून टॉर्चने बघा.

मग स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने पत्रा टोचा. टोक आरपार गेलं तर तो भाग कापून नवा पत्रा वेल्डिंग करणं हाच उपाय. सीट बेल्टच्या आणि सस्पेन्शनच्या बोल्टजवळ तर यात तडजोड नाहीच. पत्रा घट्ट असेल तर वायर ब्रशने गंज काढा, रस्ट कन्व्हर्टर लावा, डब्यावर लिहिलेला वेळ सुकू द्या, इपॉक्सी प्रायमरचे दोन हात, मग रंग आणि खालून अंडरकोट. ओल्या पत्र्यावर अंडरकोट मारला तर आत कोंडलेलं पाणी पत्रा खातं, म्हणून हे काम मार्च-एप्रिलमध्ये करा. दरवाजाच्या आत आणि सिलच्या (दरवाजाखालच्या पट्टीच्या) पोकळीत कॅव्हिटी वॅक्स, म्हणजे गंज रोखणारं मेण, फवारा, पण भोकं मोकळी ठेवा. बॅटरीखालचा ट्रेही बघा. अ‍ॅसिड सांडलं असेल तर खायच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन मगच रंगवा.

प्रश्न : १४५/७० आर१२ ऐवजी १४५/८० आर१२ टायर बसवू का? गाडी थोडी उंच हवी आहे. (गडहिंग्लज)

टायरचा व्यास ५०८ वरून ५३७ मिलिमीटर होतो, म्हणजे गाडी उंच होते फक्त दीड सेंटिमीटर. त्या बदल्यात मीटर ६० दाखवेल तेव्हा वेग ६३ च्या वर असेल, चढावर पिकअप मरेल, आणि पूर्ण स्टिअरिंग फिरवल्यावर टायर आतल्या प्लास्टिकला घासेल. मूळ मापच ठेवा. पैसे मागच्या-पुढच्या बुशांवर आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बरवर घाला, बसलेली गाडी त्याने उचलते. टायर घेताना बाजूवरचे चार आकडे वाचा. २३२४ म्हणजे २०२४ चा तेविसावा आठवडा.

प्रश्न : मी मस्कतला असतो, गाडी सात-आठ महिने सांगलीत उभी असते. काय काळजी घेऊ? (मस्कत)

ऑइल जाण्याआधी बदला, आल्यावर नाही. वापरलेल्या ऑइलमधलं आम्ल आणि ओलावा इतके महिने बेअरिंगवर बसून राहतो. टाकी पूर्ण भरून ठेवा, रिकाम्या जागेतल्या दमट हवेचं पाणी इथेनॉल ओढून घेतं आणि ते तळाशी वेगळं होतं. कार्बोरेटर मात्र कोरडा करा. पेट्रोलचा पाइप काढून त्याचं तोंड बंद करा आणि इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा. बॅटरी काढून घरात ठेवा, कुणाकडून तरी महिन्यातून एकदा चार्ज करून घ्या. हँडब्रेक ओढून ठेवू नका, मागच्या ड्रमला लायनर चिकटतात. पहिला गिअर आणि चाकांना लाकडी ठोकळे पुरे. सायलेन्सरच्या तोंडात कापडाचा बोळा कोंबा, उंदीर शिरतात. स्टिअरिंगवर चिठ्ठी लावून ठेवा, ‘बोळा काढा, पेट्रोल पाइप जोडा’. आल्यावर आधी ब्रेक ऑइलची पातळी आणि पाइप तपासा, प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडा, प्लगच्या भोकांवर फडकं ठेवून सेलने इंजिन थोडं फिरवा, आणि मगच प्लग आणि पेट्रोलचा पाइप जोडून गाडी सुरू करा.