वाचकांचे प्रश्न : लेंटिव्हायरल प्लाझ्मिड आखडतं कसं?

प्रश्न : मानवी जनुक असलेलं लेंटिव्हायरल प्लाझ्मिड (पेशीत जनुक पोहोचवणारा विषाणू बनवण्यासाठीचा गोल डीएनए) डीएच-५-अल्फा या प्रयोगशाळेतल्या जिवाणूंमध्ये ३७ अंशांवर वाढवलं. अँपिसिलिनच्या प्लेटवर कॉलन्या भरपूर आल्या, पण जेलवरचा बँड हवा त्यापेक्षा बराच खाली, म्हणजे लहान डीएनएचा दिसतो. असं का?

उत्तर : बहुधा मधला भाग गळाला आहे. जनुकाच्या दोन्ही बाजूंना एलटीआर हे विषाणूच्या टोकांचे एकाच दिशेचे, बरेचसे सारखे डीएनए क्रम असतात. जिवाणूत ते एकमेकांशी जुळले की प्रमोटर (जनुक चालू करणारा भाग), जनुक, सगळं निघून जातं. जिवाणूला अँपिसिलिनपासून वाचवणारं जनुक मात्र एलटीआरच्या बाहेर असतं, ते शाबूत राहतं. म्हणून प्लेटवरच्या वाढीवर विसंबू नका. उलट छोटं प्लाझ्मिड बाळगणारे जिवाणू झपाट्याने वाढून बाकीच्यांना मागे टाकतात. डीएच-५-अल्फामध्ये रेक-ए हे सारखे क्रम जुळवणारं जनुक निकामी असलं तरी असं जुळणं पूर्ण थांबत नाही.

असं जुळणं कमी होऊ देणारे स्टेबल-३ किंवा तत्सम जिवाणू घ्या आणि ३० अंशांवर वाढवा. कॉलन्या दिसायला एक दिवस जास्त लागेल, तो लागू द्या. मिलीलीटरला १०० मायक्रोग्रॅम अँपिसिलिन ठेवा. प्लाझ्मिड स्टॅब म्हणून, म्हणजे आगरच्या कुपीत टोचलेल्या जिवाणूंत आलं असेल तर ते थेट द्रवात टाकू नका. आधी प्लेटवर रेघा ओढून सुट्या कॉलन्या मिळवा आणि चार-पाच तपासा. स्टेबल-३ मध्ये एंड-ए हे डीएनए कापणारं एन्झाइम शाबूत असतं, त्यामुळे मिनीप्रेप (जिवाणूंतून प्लाझ्मिड काढण्याच्या) किटमधली ग्वानिडिनची धुलाई वगळू नका. वगळली तर साठवलेलं प्लाझ्मिड हळूहळू तुटतं.

तपासणीला एएफएल-२ हे डीएनए ठरावीक जागी कापणारं एन्झाइम उत्तम, कारण ते दोन्ही एलटीआरमध्ये कापतं. प्लाझ्मिड ठीक असेल तर दोन बँड दिसतात, आखडलेलं असेल तर एकच. तुमच्या जनुकात किंवा उरलेल्या प्लाझ्मिडात एएफएल-२ ची कापायची जागा आणखी कुठे आहे का, ते नकाशावर आधी पाहा. शुद्ध निघालेल्या कॉलनीचा ग्लिसरॉल साठा उणे ८० अंशांवर ठेवा.

प्रश्न : प्लाझ्मिड शाबूत आहे. विषाणू बनवणाऱ्या २९३-टी या मानवी पेशींत जनुकाचं प्रथिनही दिसतं. तरी गोळा केलेल्या विषाणूने लक्ष्य पेशी जेमतेम बदलतात, म्हणजे जनुक फार थोड्या पेशींत जातं.

उत्तर : जनुकामागे त्याचा स्वतःचा पॉली-ए संकेत (आरएनए इथे संपव असं सांगणारा क्रम) राहिला आहे का, ते पाहा. विषाणूत भरला जाणारा आरएनए एका एलटीआरपासून दुसऱ्यापर्यंत अखंड हवा. मध्येच पॉली-ए आला की तो तिथेच तुटतो. २९३-टी पेशी प्रथिन थेट प्लाझ्मिडवरून बनवतात, त्यामुळे तिथे फसगत होते. पॉली-ए काढा, ते काम पुढच्या एलटीआरमधला संकेत करतो. जनुक सीडीएनए (इंट्रॉन नसलेल्या) स्वरूपातच घाला, कारण इंट्रॉन, म्हणजे जनुकातले प्रथिन न बनवणारे मधले तुकडे, आरएनएतून कापले जातात आणि विषाणूपर्यंत पोहोचतच नाहीत. प्रथिनाची सुरुवात करणाऱ्या एटीजीच्या आधी जीसीसीएसीसी हा क्रम ठेवा, त्याने प्रथिन नीट बनतं. दोन एलटीआरमधलं अंतर नऊ-दहा हजार बेसांच्या पुढे गेलं की विषाणूचं प्रमाण घसरतं. जनुक फार लांब असेल तर प्युरोमायसिन या औषधापासून पेशी वाचवणारा जनुकाचा तुकडा वगळून जागा करता येते, पण मग बदललेल्या पेशी निवडायला दुसरी खूण लागेल.