काळं रान आपलं आणि आयोवातलं

प्रश्न : माझा पुतण्या अमेरिकेत आयोवाला असतो. त्यानं तिथल्या शेतांचे फोटो पाठवले, माती डिट्टो आपल्या मंगळवेढ्याच्या काळ्या रानासारखी, सगळं सपाट आणि नुसता मका. तो म्हणतो इथं पूर्वी गवतच गवत होतं. मग ती माती आणि आपली एकच का? आणि ते गवत गेलं कुठं?
– एक शेतकरी वाचक, मंगळवेढा

उत्तर : नमस्कार दादा, रंग सारखा दिसतो पण घडण पार वेगळी. आपली माती बेसाल्टचा खडक झिजून झालेली, तिच्यातली चिकणमाती ओली झाली की फुगते आणि वाळली की आकसते, म्हणून तर उन्हाळ्यात रानात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. रंग काळा असला तरी सेंद्रिय कर्ब, म्हणजे कुजलेल्या पाल्या-मुळांतून मातीत येणारा कर्ब, बहुतेक रानांत एक टक्क्याच्या आतच.

आयोवात हिमयुगातला बर्फ सरकत आला, त्यानं खाली दगडमाती पसरून जमीन सपाट केली, वर वाऱ्यानं बारीक पिवळसर माती आणून टाकली, तिला लोएस म्हणतात. आता ही पिवळी माती काळी झाली ती गवतामुळं! बिग ब्लूस्टेम नावाचं गवत माणसाच्या डोक्यावर जायचं, मुळं आठ-दहा फूट खाली, दरवर्षी त्यातली बरीच मुळं जागेवरच मरायची आणि कडक थंडीमुळं सावकाश कुजायची, असं हजारो वर्षं चाललं. वणवे लागायचे, तिथले मूळ लोक मुद्दाम पण लावायचे, त्यामुळं झाडी वाढली नाही आणि गवत पुन्हा मुळातून फुटायचं. आणि गंमत म्हणजे हे ब्लूस्टेम, मका, ऊस आणि आपली ज्वारी सगळी एकाच घराण्यातली.

मग गवत गेलं कुठं? नांगराखाली. ती माती बिडाच्या नांगराला चिकटून बसायची, १८३७ मध्ये इलिनॉयच्या जॉन डीअरनं गुळगुळीत पोलादी फाळाचा नांगर केला आणि काम सोपं झालं. पण बरीच जमीन पाणथळ होती, वाफसाच यायचा नाही, म्हणून तीन-चार फूट खाली भाजक्या मातीचे पाइप पुरून पाणी काढून दिलं, आता प्लास्टिकचे भोकाचे पाइप असतात. त्याच पाइपांतून खताचा नायट्रेट नदीत आणि मिसिसिपीतून थेट मेक्सिकोच्या आखातात जातो, तिथं पाण्यातला ऑक्सिजन संपून मासे जगत नाहीत, हे दुखणं मोठं आहे. मका-सोयाबीन आलटून पालटून घेता घेता आयोवातल्या मूळ गवताळ रानाचा हजारातला एक भागसुद्धा उरला नाही. म्हणून मला आपल्या सोलापूरजवळच्या नान्नज अभयारण्याच्या माळाला कुणी पडीक म्हटलं की राग येतो, कुसळी-पवन्याचं ते गवत आहे म्हणून काळवीट आहे, माळढोकाचा आसरा पण तेच गवत.

पुतण्याला सांगा, आयोवाची राजधानी डेमॉइनच्या पूर्वेला प्रेअरी सिटीजवळ नील स्मिथ अभयारण्य आहे, तिथं शेतजमिनीवर पुन्हा जुनं गवत लावलंय आणि बायसन, म्हणजे तिकडचे रानगवे, पण सोडलेत. ऑगस्ट-सप्टेंबरात जा म्हणावं, तेव्हा ब्लूस्टेमला तुरे असतात.