बादलीत मुरतं, मातीत खत होतं

प्रश्न : झाकणबंद बादलीत ओल्या कचऱ्यावर बोकाशीचा (जिवाणू मिसळलेला) कोंडा टाकत गेलो. बादली भरल्यावर पंधरा दिवस बंद ठेवली. उघडून पाहतो तर देठं, साली जशाच्या तशा, वर पांढरी बुरशी आणि आंबट वास. खत झालंच नाही. काय चुकलं? (ठाणे)

उत्तर : काहीच नाही. बोकाशी म्हणजे ओला कचरा हवाबंद मुरवणं. बादलीत खत होत नसतं, कचरा मुरतो, लोणच्यासारखा. हवा नसल्याने कोंड्यातले लॅक्टिक आम्ल करणारे जिवाणू आणि यीस्ट वाढतात, आम्लता वाढते आणि सडवणारे जिवाणू मागे पडतात. फोडी लोणच्यातही दिसतातच की! पांढरी बुरशी चांगलीच.

खत होतं ते पुढे, मातीत. भोकं असलेल्या क्रेटमध्ये एक भाग मुरलेला कचरा आणि दोन भाग कुंडीतली जुनी माती कालवा, वर दोन-तीन इंच कोरडी माती पसरा आणि पावसात भिजणार नाही अशा जागी ठेवा. तीन-चार आठवड्यांत साली ओळखू येईनाशा होतात. झाडाच्या मुळाशी हा कचरा थेट घालू नका, आम्लामुळे कोवळी मुळं करपतात. मातीत मिसळल्यावर निदान दोन आठवडे तिथे रोपही लावू नये.

प्रश्न : आमच्या बादलीला कुजकी घाण येते, अळ्याही झाल्या. मासळीचा कचरा टाकला म्हणून का? (रत्नागिरी)

उत्तर : मासळीला दोष देऊ नका. डोकी, काटे, कोलंबीची सालं बोकाशीत चालतात, फक्त कोंडा दुप्पट हवा. बहुतेक वेळा घात करतं ते पाणी. आमटी, ताक, चहाचं पाणी बादलीत जाऊ देऊ नका; कचरा चाळणीत निथळून, इंच-दीड इंचाचे तुकडे करून टाका. दर दीड-दोन इंचाच्या थरावर मूठभर कोंडा भुरभुरा आणि ताटलीने दाबून हवा काढा. झाकण दिवसातून एकदाच उघडा, म्हणजे दिवसभराचा कचरा डब्यात साठवावा लागेल. तो डबाही झाकलेलाच हवा, कारण माशी अंडी घालते ती इथेच.

बादलीच्या तळाच्या नळातून दोन-तीन दिवसांनी कचऱ्याचं पाझरलेलं पाणी काढा. त्यातलं 10 मिली एक लिटर पाण्यात घालून त्याच दिवशी कुंड्यांना द्या, उरलेलं मोरीत ओता. नळ नुसत्या कचऱ्याने तुंबतो, म्हणून आतली जाळी काढू नका.

हिरवी-काळी बुरशी थोडी असेल तर तेवढा भाग काढून जास्त कोंडा टाका. सगळ्याच बादलीला सडका वास असेल तर तो माल जमिनीत फूटभर खोल पुरा आणि नव्याने सुरुवात करा. करवंट्या आणि आंब्याच्या कोयी मात्र टाकूच नका, त्या वर्षभर तशाच राहतील.

प्रश्न : कोंडा घरी करता येईल? (पुणे)

उत्तर : येतो. एक किलो गव्हाचा कोंडा, 20 मिली ईएम द्रावण (याच उपयोगी जिवाणूंचं तयार द्रावण), 20 ग्रॅम गूळ आणि साधारण 300 मिली पाणी. नळाचं पाणी रात्रभर उघडं ठेवा, क्लोरीन उडून जातो. पाण्यात गूळ आणि द्रावण विरघळवून थोडं थोडं कोंड्यात चोळा. मुठीत दाबल्यावर मुटका व्हावा, पण थेंब गळता कामा नये. घट्ट पिशवीत हवा काढून दोन आठवडे ठेवा, मग सावलीत वाळवा. पावसाळ्यात करू नका, वाळता वाळत नाही.