'वीक सिंबॉल' म्हणजे दुर्बळ चिन्ह? कृपा करा!

कॉलेज रोडवरच्या एका क्लासातल्या मुलाने विचारलंय, शेअर्ड लायब्ररीतल्या (अनेक प्रोग्रॅम मिळून वापरतात ती तयार कोडची फाइल) वीक-स्ट्रॉंग सिंबॉलना 'दुर्बळ चिन्ह', 'सबळ चिन्ह' म्हणायचं का, सरांच्या नोट्समध्ये तसंच आहे, आणि मग थ्रेडवाल्या (एकाच वेळी अनेक कामं चालवणाऱ्या) प्रोग्रॅममध्ये सबळ असताना दुर्बळच कसं काय घेतलं जातं.

आधी ते 'चिन्ह' काढा राव! इथे सिंबॉल म्हणजे फंक्शनचं नाहीतर व्हेरिएबलचं नाव, बास. आता वीक. अशक्त, कमजोर वगैरे सगळ्यांना माहितीये, ते सोडा, खरी मजा मुळात आहे. वीकचं जर्मॅनिक मूळ वाकणं, नमणं, जागा सोडणं याचं, जर्मनमध्ये 'वाइशेन' म्हणजे आजही बाजूला सरणं. स्ट्रॉंग हा स्ट्रिंगचा सख्खा भाऊ, मूळ अर्थ ताठ. आणि थ्रेडच्या मुळाशी पीळ देणं! तिन्ही शब्द दोरीच्याच घरातले निघाले की नाही, येवल्याच्या विणकराला पटकन कळतील असे. (वीक म्हणजेच आपलं 'वाकणं' असलं काही मात्र फॉरवर्ड करू नका, ते वक्र-वंक घराण्यातलं आहे, नुसता आवाज जुळला म्हणून व्युत्पत्ती होत नसते.)

म्हणून मी 'नमतं नाव' आणि 'ताठ नाव' म्हणतो. पंचवटी एक्स्प्रेसमध्ये दुसऱ्याच्या रिझर्व्ह सीटवर बसलेला माणूस सीटवाला आला की उठतो, तो काय अशक्त असतो? ऑब्जेक्ट फाइली, म्हणजे कंपायलरने बनवलेले प्रोग्रॅमचे तुकडे, जोडणारा लिंकर हेच करतो, ताठ सापडलं की नमतं उठतं. नमतं नाव कुठेच सापडलं नाही तरी बोंब नाही, पत्ता शून्य धरून पुढे. जीसीसी कंपायलरची सी++ लायब्ररी त्या शून्यावरूनच ओळखायची की पीथ्रेड (थ्रेडची लायब्ररी) जोडलेलं नाही, मग थ्रेड एकमेकांत घुसू नयेत म्हणून लावायच्या लॉकचा खर्च कशाला! जीलिबसी म्हणजे लिनक्सवरची सी लायब्ररी, तिच्या 2021 च्या 2.34 आवृत्तीने पीथ्रेड मुख्य लिबसीतच घातलं आणि तिथे ही युक्ती संपली.

पण 'रनटाइमलाही सबळच जिंकतं' हे सरांचं वाक्य साफ चूक, नोट्स छापण्याआधी मॅन्युअल तरी उघडायचं. जीलिबसी 2.2 पासून डायनॅमिक लिंकर (प्रोग्रॅम चालू होताना शेअर्ड लायब्ररी जोडणारा) शोधाच्या क्रमात जे नाव पहिलं सापडेल ते घेतो, नमतं की ताठ बघतच नाही, ताठ जिंकायची ती जुनी वागणूक हवी असेल तर एलडी_डायनॅमिक_वीक (LD_DYNAMIC_WEAK) हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल सेट करावं लागतं. आणि स्टॅटिक लिंक (लायब्ररीचा कोड थेट प्रोग्रॅममध्येच भरणं) करत असशील तर जपून, नुसत्या नमत्या नावासाठी लिंकर अर्काइव्हमधून (ऑब्जेक्ट फाइलींच्या गठ्ठ्यातून) ऑब्जेक्ट ओढत नाही, पत्ता शून्यच राहतो आणि कॉल केला की सेगफॉल्ट, म्हणजे प्रोग्रॅम जागेवर कोसळतो.