एअर फिल्टर बदलण्याआधी होज बघ

भावा, तेल लावलेला कॉटनचा एअर फिल्टर टाकायचा म्हणतोस, पण गाडी स्टॉक, म्हणजे कंपनीतून आली तशीच आहे ना? मग पैसे ठेव खिशात. कंपनीचा कागदी फिल्टर त्या इंजिनाला लागते तेवढी हवा आरामात देतो. पॉवर वाढल्यासारखी वाटते, तो बहुतेक आवाज असतो.

आणि गाडी चालते कुठे? खडी क्रशरवर. कॉटनमधून निसटलेली तिथली बारीक धूळ टर्बोच्या, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या पंख्याच्या, पात्यांना पॉलिश पेपरसारखी घासते. टर्बो मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो, त्याला हे कसं झेपणार? कॉटनवर तेल जास्त झालं तर ते आत जाणारी हवा मोजणाऱ्या एअरफ्लो सेन्सरच्या तारेवर बसतं. मग पिकअप जातो आणि आपण डिझेलला शिव्या देत बसतो.

मी स्वतः एकदा फिल्टर नवा टाकला आणि होजचा, म्हणजे फिल्टरपासून इंजिनाकडे जाणाऱ्या रबरी पाइपाचा, क्लिप नीट आवळलाच नाही. महिनाभराने पाइपात बोट फिरवलं तर बोटाला चक्क पिठासारखी धूळ! तू आजच हे कर. फिल्टरनंतरचा पाइप काढून आत पांढरं फडकं फिरव. फडक्यावर धूळ आली तर फिल्टर, सील नाहीतर होज, कुठेतरी गळती आहे.

कागदी फिल्टरला हवा मारायचीच तर आतून बाहेर, लांबून, कमी प्रेशरने. आपटून साफ करू नकोस, कागद फाटतो. आतला छोटा सेफ्टी फिल्टर असेल तर तो साफ करायचाच नाही, सरळ बदलायचा. फिल्टर तुंबल्याचं दाखवणारा चोक इंडिकेटर लाल झाला की मोठा फिल्टरही बदल. बोनेटखाली उघडा कोन (शंकूच्या आकाराचा, डब्याशिवायचा) फिल्टर तर नकोच, इंजिनाची गरम हवाच आत ओढेल.