प्रपोजल वाचलं, आता जरा माझं ऐक

अगं पोरी,

मोठ्या माणसांना लिहा-वाचायला शिकवायचा वर्ग काढायला पैसे मागतेयस ना, ते तुझं प्रपोजल काल रात्री दोनदा वाचलं. आधीच सांगते, छान लिहिलंयस, माझ्यापेक्षा तर नक्कीच, कारण मी पहिलं प्रपोजल लिहिलं तेव्हा पाच पानं नुसती शिक्षणाची महती गायली होती आणि पैसे किती लागणार ते लिहायचंच राहून गेलं होतं. तुझं तसं नाहीये. पण बजेट बघून माझ्या पोटात गोळाच आला. जागेचं भाडं शून्य, शिकवणाऱ्यांचं मानधन शून्य, तिथे "स्वयंसेवक" असं लिहून तू मोकळी. मग उरलं काय, तर पुस्तकं, फळा आणि एक उद्घाटनाचा कार्यक्रम! कमी मागितलं की पटकन मिळतं असं वाटतंय ना तुला? मलाही वाटायचं.

एक गोष्ट सांगते. आमच्या पहिल्या वर्गात पन्नाशीच्या एक काकू यायच्या. रोज सगळ्यात आधी यायच्या आणि रोज शेवटच्या ओळीत बसायच्या. दोन महिने झाले तरी पुस्तकातला म आणि भ त्यांना वेगळा काढता येईना, आणि आम्ही शहाण्यांनी परस्पर ठरवून टाकलं की वय झालं, आता काही डोक्यात शिरत नाही. मग एकदा त्यांनी फळ्यावरची ओळ मागे बसूनच घडाघडा वाचली, आणि तीच ओळ पुस्तकात दाखवली तर अडकल्या, पुस्तक लांब लांब नेत हात पार ताठ झाला, तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. बाईंना जवळचं दिसतच नव्हतं गं. चाळिशीनंतर बहुतेकांना लागतो तो साधा वाचायचा चष्मा, बस. शेजारणीचा चष्मा त्यांच्या नाकावर ठेवला, त्यांनी पान जवळ ओढलं, थोडा वेळ काही बोलल्याच नाहीत, मग म्हणाल्या, "अगंबाई, इथे टिंब पण आहे होय!"

पुढच्या वर्षी बजेटमध्ये मी वाचायच्या चष्म्यांची एक ओळ टाकली. ज्यांच्याकडे पैसे मागायला गेलो होतो त्या साहेबांनी पेन्सिलनं ती खोडली, म्हणे हा आरोग्याचा खर्च झाला, शिक्षणाचा नाही. आणि मी मान डोलावली. वाद घालायला हवा होता, नाही घातला, अजून डोक्यात राहिलंय ते.

तर माझं म्हणणं एवढंच आहे की मोठ्या माणसांचा वर्ग ज्या गोष्टींवर चालतो त्या दिसायला अगदी फालतू असतात, आणि पैसे नेमके त्यांच्यासाठीच कोणी देत नाही. खोलीची किल्ली कोणाकडे, रात्री दिवे गेले तर काय, बाई शिकायला आली तर तिचं लेकरू तेवढा वेळ कोणी सांभाळायचं, बाकं लहान मुलांची असतील तर मोठ्या माणसाचे गुडघे कुठे जाणार. (हसू नकोस, बाकापायी वर्ग सोडून गेलेला माणूस मी बघितलाय. त्यानं सांगितलं कामाची वेळ बदलली म्हणून. खरं कारण त्याच्या बायकोकडून कळलं, त्या बाकावर बसायची त्याला लाज वाटायची.) मूल शाळेत येतं कारण त्याला पाठवलेलं असतं, मोठं माणूस स्वतःच्या पायानं येतं आणि एकदा अपमान झाला की न सांगता बंद होतं.

जॉन्स आयलंडच्या वर्गाबद्दल तू वाचलं नसशील कदाचित. अमेरिकेत साउथ कॅरोलिनाच्या किनाऱ्याजवळचं बेट आहे ते. तिथल्या कृष्णवर्णीयांना मतदार म्हणून नाव नोंदवायचं तर राज्यघटनेचा उतारा वाचून दाखवावा लागायचा, म्हणजे वाचता येत नाही तर मत नाही, साधा हिशोब. 1957 च्या जानेवारीत तिथे एक वर्ग सुरू झाला, एका सहकारी दुकानाच्या मागच्या खोलीत, 14 जणांचा. शिकवायला मुद्दाम शिक्षिका नाही घेतली. बर्निस रॉबिन्सन नावाची बाई होती, ब्युटीशियन, शिवणकामही करायची. सेप्टिमा क्लार्क ही नागरी हक्कांसाठी लढणारी शिक्षिका आणि हायलँडर फोक स्कूल, म्हणजे मोठ्या माणसांना शिकवणारी एक संस्था, तिथल्या लोकांनी तिला निवडलं कारण ती लोकांचं ऐकून घेईल असा त्यांना भरवसा होता. ती पहिल्या दिवशी लहान मुलांची पुस्तकं घेऊन गेली, तिच्या लक्षात आलं की ही मोठ्या माणसांना देण्यात अर्थ नाही, ती बाजूला ठेवली आणि सरळ विचारलं, तुम्हाला काय शिकायचंय. सही करायला, पोस्टानं वस्तू मागवायचा फॉर्म भरायला, मनीऑर्डर लिहायला, आणि ते घटनेचं कलम वाचायला. झाला की अभ्यासक्रम तयार! पुढे हेच वर्ग सिटिझनशिप स्कूल म्हणून अमेरिकेच्या दक्षिणेत सगळीकडे पसरले.

आता ही गोष्ट सांगताना लोक एक तुकडा गाळतात. ती खोली काही फुकट आली नव्हती. ती इमारत विकत घ्यायला हायलँडरनं कर्ज दिलं होतं. आणि वर्ग पसरले ते फाउंडेशनांचे पैसे आले म्हणून, त्यातून शिकवणाऱ्यांचं ट्रेनिंग झालं. लोकांची जिद्द होतीच, पण जिद्दीला बसायला जागा लागते ना.

वेळेचं पण तसंच. जॉन्स आयलंडवर वर्ग हिवाळ्यात चालायचे, शेतीची कामं कमी असायची तेव्हा. जोतिराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी 1855 मध्ये कष्टकऱ्यांसाठी शाळा काढली ती रात्रीची. तू प्रपोजलमध्ये "सोमवार ते शुक्रवार, चार ते सहा" टाकलंयस, हे कोणाला विचारून ठरवलंस गं? मला वाटतं खोली तेव्हा रिकामी असते म्हणून.

तू विचारलं होतंस की "मुलांवरच खर्च करा, मोठ्यांवर कशाला" असं कोणी म्हणालं तर काय सांगायचं. म्हणणारच आहेत. मी आकड्यांपासून सुरुवात करते. जगात सुमारे 75 कोटी प्रौढांना साधं लिहिता-वाचता येत नाही आणि त्यातल्या जवळपास दोन-तृतीयांश बायका आहेत. युनेस्कोच्या 2019 च्या अहवालात असं आलंय की माहिती देणाऱ्या देशांपैकी साधारण एक-तृतीयांश देशांत 15 वर्षांवरच्या लोकांतले पाच टक्केही कुठल्या शिकण्याच्या कार्यक्रमात नाहीत, आणि जवळजवळ पाचातला एक देश शिक्षणाच्या बजेटमधला अर्धा टक्काही प्रौढांवर घालत नाही. हे सांगितलं की समोरचा जरा गप्प होतो. मग सांगायचं, की शाळेतून मुलाच्या हाती जी चिठ्ठी येते ती घरी वाचणार कोण?

आणखी एक, हे नीट लक्षात ठेव कारण इथेच फसायला होतं. युनेस्कोनं 2015 साली प्रौढ शिक्षणाबद्दल जी शिफारस मंजूर केली तिच्यात तीन गोष्टी धरल्यात: साक्षरता आणि पायाभूत कौशल्यं, कामाधंद्याचं शिक्षण, आणि तिसरं म्हणजे नागरिक म्हणून जगण्याचं शिक्षण, जे वस्तीत, लोकांमध्ये होतं. पैसेवाल्यांना दुसरं आवडतं, कारण पगार वाढला की आकडा दाखवता येतो. पहिलं चालतं, फोटो छान येतात. तिसऱ्याला कोणी विचारत नाही, आणि खरी मजा तिथेच आहे, म्हणजे अर्ज भरायला शिकलेली बाई पुढच्या महिन्यात अर्ज का अडकलाय म्हणून ऑफिसात जाऊन उभी राहते ती. पण त्यात जोखीमही आहे हे तुला माहीत असू दे. पाउलो फ्रेरी या शिक्षणतज्ज्ञानं 1963 मध्ये ब्राझीलच्या अँजिकोस गावात सुमारे 300 कामकऱ्यांना 40 तासांच्या वर्गांतून लिहा-वाचायला शिकवलं, सरकारला इतकं आवडलं की देशभर न्यायचं ठरलं, आणि 1964 मध्ये लष्करी सत्ता आली तसं ते सगळं बंद, तो स्वतः तुरुंगात. एकाच हातातून पैसा येत असला की तो हात मागे घेतला की संपलं. म्हणून दोन-तीन ठिकाणांहून माग, थोडा थोडा का होईना. आणि शिकणाऱ्यांचाही वाटा ठेव, पैशाचाच असं नाही, खोली झाडणं, किल्ली सांभाळणं, नव्या माणसाला हाताला धरून आणणं, कारण मग वर्ग त्यांचा होतो आणि तू नसलीस तरी चालतो.

शिकवणाऱ्यांना मानधन मात्र हवंच. स्वयंसेवकांबद्दल मला आदर आहे, मी स्वतः किती वर्षं फुकट शिकवलंय, पण फुकट येणारं माणूस ज्या दिवशी घरात अडचण येईल त्या दिवशी येणार नाही, आणि त्याला काही म्हणायचा हक्क पण नाही आपल्याला. वर्ग दोनदा बंद दिसला की तिसऱ्यांदा लोक येत नाहीत. आमचा एक वर्ग असाच मेला. शिकणारे होते, पुस्तकं होती, मीच दोन आठवडे आजारी पडले आणि दुसरं कोणी ठेवायला पैसे नव्हते.

एका वर्षाची मुदत मला अजिबात पटलेली नाही. पहिले सहा महिने तर लोक तुला नुसतं जोखत असतात. तीन वर्षांचं माग, नाही म्हणाले तर दोनवर ये. आणि "इतके लोक साक्षर करू" हे वाक्य काढून टाक, त्या आकड्याच्या मागे धावताना आम्ही ज्यांना आधीच थोडं येत होतं त्यांनाच वर्गात भरलं होतं एका वर्षी, रिपोर्ट एकदम झकास झाला, आणि ज्यांच्यासाठी वर्ग काढला ते बाहेरच. त्यापेक्षा असं लिही की किती जण चार महिन्यांनंतरही येतायत आणि त्यांनी स्वतः ठरवलेली कुठली गोष्ट त्यांना जमायला लागली.

बाकी भाषेच्या चुका मी लाल रंगानं मार्क केल्यात, त्या किरकोळ आहेत. बजेट मात्र नव्यानं कर आणि रविवारपर्यंत पाठव. भाडं, दिवे, मानधन, लेकरं सांभाळणारी बाई, सगळं टाक. आणि वाचायच्या चष्म्यांची ओळ "शैक्षणिक साहित्य" मध्येच घाल, वेगळी ठेवू नकोस, आणि कोणी पेन्सिल काढलीच तर आधी मला फोन कर.

तुझी
ताई