लॅक्टिक आम्ल जिवाणू देतात, मग विघटनशील प्लास्टिकसाठी उत्प्रेरक कशाला हवा?

तुम्ही विचारलंय की साखरेपासून लॅक्टिक आम्ल जिवाणूच तयार करून देतात, तर त्याचं विघटनशील प्लास्टिक करण्यासाठी रसायनशास्त्रज्ञ वर्षानुवर्षं उत्प्रेरकांवर का खपतात? मी याच विषयात, झिंकच्या उत्प्रेरकांवर काम करते.

लॅक्टिक आम्ल नुसतं तापवलं तरी रेणू एकमेकांना जोडले जातात. पण प्रत्येक जोडणीला पाण्याचा एक रेणू सुटतो. साखळ्या लांबून द्रव घट्ट झाला की ते पाणी काढणं जड जातं, आणि आत राहिलेलं पाणी जोडलेली साखळी परत तोडतं. हाती येतो तो ठिसूळ, आखूड साखळ्यांचा पदार्थ. म्हणून वळसा घेतात. आधी लॅक्टिक आम्लाचे दोन रेणू जोडून लॅक्टाइड नावाचं सहा अणूंचं वलय बनवतात, ते शुद्ध करतात आणि मग वलयं उघडत साखळी वाढवतात. यात पाणी सुटत नाही. वलय उघडण्याचं काम उत्प्रेरकाचं.

कारखान्यांत त्यासाठी टिन ऑक्टोएट हे टिन धातूचं संयुग वापरतात. ते स्वस्त आहे आणि वितळलेल्या लॅक्टाइडमध्येही व्यवस्थित चालतं. मग दुसरं शोधायचं कशाला? एक तर टिनचा अंश मालात राहतो. पण माझ्या मते खरं कारण त्याहून मोठं आहे. लॅक्टाइडच्या रेणूंमध्ये डाव्या-उजव्या हातमोज्यांसारखा फरक असतो. साखळीत सगळे एकाच बाजूचे आले तर ती नीट रचली जाते, स्फटिक बनतात आणि पॉलिमर, म्हणजे लांब साखळ्यांचा हा पदार्थ, साधारण 170 ते 180 अंश सेल्सिअसला वितळतो. दोन्ही बाजूंची सरमिसळ झाली तर स्फटिकच बनत नाहीत आणि तोच पदार्थ 60 अंशांच्या आसपास मऊ पडतो. पूर्ण डाव्या आणि पूर्ण उजव्या साखळ्या एकत्र आणल्या तर मात्र द्रवणांक 230 अंशांच्या घरात जातो. कच्चा माल एकच, फरक फक्त क्रमाचा. हा क्रम उत्प्रेरक ठरवू शकतो. 1999 मध्ये कॉर्नेल विद्यापीठात जेफ्री कोट्स यांच्या गटानं दाखवलं की झिंकभोवती योग्य आकाराचा सेंद्रिय भाग बसवला, तर सरमिसळ लॅक्टाइडमधून डावं-उजवं आलटून पालटून निवडलं जातं.

प्रयोगशाळेत हे कसं दिसतं तेही सांगते. आमची बरीच झिंक संयुगं दमट हवेत खराब होतात, म्हणून सगळं नायट्रोजन भरलेल्या ग्लव्हबॉक्समध्ये, म्हणजे हातमोजे बसवलेल्या बंद पेटीत, चालतं. चांगला उत्प्रेरक पडला की द्रावण बघता बघता दाटतं आणि ढवळणारा चुंबक अडखळत थांबतो. ते थंड मिथेनॉलमध्ये ओतलं की पांढरे धागे तरंगतात. मग एनएमआर, म्हणजे चुंबकीय क्षेत्रात रेणूंची रचना वाचणारी चाचणी. तिच्या आलेखावर लॅक्टाइडचा 5.03 पीपीएमच्या आसपासचा संकेत आटून 5.16 जवळ पॉलिमरचा दिसतो. तिथेच आणखी बारकाईनं पाहिलं तर साखळीतला डाव्या-उजव्यांचा क्रम वाचता येतो. आमच्या कामातला सगळ्यात उत्सुकतेचा क्षण तोच.

आता विघटनाचं. जिवाणू या साखळ्या थेट खात नाहीत. आधी पाणी साखळीतले दुवे, म्हणजे एस्टर बंध, तोडतं, मग तुकडे जिवाणूंच्या तोंडी लागतात. स्फटिकांच्या घट्ट रचनेत पाणी हळू शिरतं, म्हणजे उत्प्रेरकानं ठरवलेला क्रम इथेही नडतो किंवा उपयोगी पडतो. औद्योगिक कंपोस्टमध्ये, 58 अंशांच्या आसपास, हे प्लास्टिक काही महिन्यांत जातं. थंड समुद्रात वर्षानुवर्षं टिकतं. ‘विघटनशील’ म्हणून कुठेही फेकायचा हा माल नव्हे, आणि हे न सांगता तो विकला जातो याचा मला राग येतो.

समुद्रातही विघटन होणारा पॉलिमर म्हणजे पीएचबी (पॉलिहायड्रॉक्सिब्युटिरेट). मॉरिस लेमोइन यांनी 1926 मध्ये तो जिवाणूंच्या पेशींत ओळखला. जिवाणूंकडून काढून घेणं महाग पडतं. 2018 मध्ये कोलोरॅडो स्टेट विद्यापीठात यूजीन चेन यांच्या गटानं आठ अणूंच्या वलयापासून, योग्य उत्प्रेरकानं, जिवाणूंच्या पीएचबीसारखीच शिस्तीची साखळी रसायनानं बनवली. मला ही दिशा फार आशादायक वाटते.

अडतंय ते इथे: नेमकी निवड करणारे बहुतेक उत्प्रेरक शुद्ध लॅक्टाइड, कोरडं द्रावक आणि सौम्य तापमान मागतात. कारखान्यात द्रावक नसतं, वितळलेला माल 180 अंशांच्या आसपास असतो आणि थोडीफार अशुद्धी असतेच. त्या उष्णतेत टिकून निवडही चोख करणारं झिंक संयुग बनवणं, हेच माझं सध्याचं काम.